आईसाठी जागा बघताना

अंजनवेलला आई एकटी, आम्ही भावंडं पुण्या-मुंबईत. कोकणात घरोघरी हेच! २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पोटापाण्यासाठी पुरुष बाहेर, हे त्यामागचं मोठं कारण.

हल्ली आम्हां भावंडांच्या फोनवर विषय एकच... आईला पुण्यात ‘अथश्री’सारख्या ज्येष्ठांच्या वसाहतीत न्यायचं का? गावात रात्री छातीत दुखलं तर आधी गाडी शोधा, मग चिपळूण गाठा. तेव्हा "तिला गाव सोडवत नाही" म्हणून विषय टाळणं मला पटत नाही.

पण नुसती बाग आणि देऊळ बघून जागा ठरवू नये. महारेराने २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी किमान निकष ठरवले. लिफ्ट, रुंद दारं, न घसरणारी फरशी, न्हाणीघरात धरायला दांडे. चांगलंच आहे. पण खरे प्रश्न पुढचेच. माणूस अंथरुणाला खिळला तर तिथेच सांभाळतात, की मुलांना न्यायला बोलावतात? रात्री नर्स असते का? अनामत परत कधी मिळते? हे सगळं लेखी घ्यावं.

आणि सर्वात महत्त्वाचं, गावचं घर लगेच विकू नये. आईने आधी महिनाभर तिथे राहून बघावं. रोज खाडीपलीकडचं दाभोळ बघणाऱ्या बाईला चार भिंती मानवतील का, हे तिचं तिनेच सांगावं. परतीची वाट बंद करून घेतलेला होकार हा होकार नव्हेच, असं मला वाटतं.

तुम्ही काय केलंत तुमच्याकडे? जरूर कळवा.