पुस्तक तुमचं, पैसे कुणाचे?

कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा मेसेज तुम्हीही पाहिला असेल. ‘आमच्या आगामी संग्रहासाठी कविता पाठवा. सहलेखक म्हणून नाव आणि सर्टिफिकेट मिळेल. नोंदणी फी अमुक रुपये.’ पन्नास-शंभर जण पैसे भरतात, पुस्तक निघतं आणि ते विकत घेणारेही बहुतेक तेच पन्नास-शंभर जण असतात. इन्स्टाच्या बायोमध्ये ‘पब्लिश्ड ऑथर’ झळकतं, पण अनोळखी वाचक काही मिळत नाही.

यात गोची नेमकी कुठे आहे, हे कळायला पुस्तकांच्या धंद्यातला एक माणूस समजून घ्यायला हवा. तो म्हणजे लिटररी एजंट. मराठीत तो जवळपास दिसतच नाही. लंडन-न्यूयॉर्कच्या मोठ्या प्रकाशकांकडे मात्र त्याच्याशिवाय नव्या लेखकाची फारशी डाळ शिजत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये अरुंधती रॉय यांचं ‘मदर मेरी कम्स टू मी’ हे आईविषयीचं आत्मकथन आलं. त्यांचे एजंट डेव्हिड गॉडविन. ही जोडी जुनी आहे. १९९६ मध्ये ‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’चं हस्तलिखित पंकज मिश्रा यांनी वाचलं आणि इंग्लंडला पाठवलं. गॉडविन यांनी ते वाचलं आणि लेखिकेला भेटायला थेट भारत गाठला. १९९७ मध्ये कादंबरी आली आणि त्याच वर्षी तिला बुकर मिळालं. लेखिकेची ती पहिलीच कादंबरी होती.

एक एजंट नवख्या लेखिकेसाठी एवढी धावाधाव का करतो? कारण त्याच्या कमाईची रीतच तशी आहे. तो हस्तलिखित वाचतो, दुरुस्त्या सुचवतो, योग्य संपादक शोधतो, करारावर घासाघीस करतो. अनुवाद, ऑडिओ, सिनेमा हे हक्क वेगवेगळे विकतो. त्याबदल्यात लेखकाच्या मिळकतीतून साधारण १५ टक्के घेतो, परदेशी हक्कांवर बहुतेकदा २० टक्के. लेखकाला शंभर मिळाले तर त्याला पंधरा, लेखकाला शून्य तर त्यालाही शून्य. अमेरिकेतल्या एजंटांच्या संघटनेच्या नियमांत तर नुसतं वाचण्यासाठी लेखकाकडून फी घ्यायलाही मनाई आहे.

आता ग्रुपवरचा तो मेसेज पुन्हा वाचा. तिथे पैसे छपाईच्या आधीच वसूल झालेत. मग पुस्तक खपवायची गरज कुणाला आहे?

मराठीत एजंट का नाहीत, याचं उत्तर साध्या हिशेबात आहे. समजा, पुस्तकाची किंमत ३०० रुपये, खपलेल्या प्रती ५०० आणि रॉयल्टी १० टक्के. लेखकाला मिळाले १५ हजार. त्यातले १५ टक्के म्हणजे २,२५० रुपये. एवढ्यासाठी कोण महिनोन्‌महिने तुमच्या हस्तलिखितामागे फिरेल? याचा एक फायदाही आहे. मराठी प्रकाशकाकडे तुम्ही स्वतः हस्तलिखित पाठवू शकता, मधला माणूस लागत नाही. तोटा असा, की एजंटची सगळी कामं तुमच्याच गळ्यात पडतात.

तेव्हा तुमचे एजंट तुम्हीच व्हा. कथा-कादंबरी असेल तर आधी पूर्ण लिहा; तीन प्रकरणं आणि ‘बाकीचं डोक्यात आहे’ यावर नवोदिताला कुणी होकार देत नाही. प्रकाशकाची यादी चाळा. जो कवितासंग्रह काढतच नाही, त्याला कविता पाठवून उपयोग काय? सोबतचं पत्र एका पानाचं ठेवा: पुस्तक कशाबद्दल आहे, किती मोठं आहे, तुम्ही कोण. मग धीर धरा, कारण उत्तराला महिने लागू शकतात. तोवर दिवाळी अंकांना, मासिकांना कथा पाठवत राहा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, तीही बघा.

सगळ्यात महत्त्वाचा करार. सचिन कुंडलकर यांनी विशीत लिहिलेली ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ मध्ये मराठीत आली. २०१३ मध्ये जेरी पिंटो यांनी ती इंग्रजीत नेली आणि २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर तिच्यावरचा सिनेमा आला. एका छोट्या कादंबरीचे तीन अवतार, म्हणजे तीन वेगळे हक्क. २०२५ चं आंतरराष्ट्रीय बुकर बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या ‘हार्ट लॅम्प’ या अनुवादाला मिळालं. ५० हजार पौंडांचं बक्षीस लेखिका आणि अनुवादक दीपा भास्ती यांच्यात निम्मं-निम्मं वाटलं गेलं. भारतीय भाषांकडे जगाचं लक्ष असताना अनुवादाचे हक्क कुणाला फुकट देऊन टाकणं परवडणारं नाही.

कायदा तुमच्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, स्वतःहून लिहिलेल्या मजकुराचा हक्क लिहिल्यापासूनच तुमचा असतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. पण तुम्हीच ‘सर्व भाषा, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी’ या ओळीखाली सही केलीत, तर हे संरक्षण तुम्ही स्वतःच्या हाताने सोडलंत.

पदरचे पैसे घालून पुस्तक काढणं चूक नाही, मराठीत अनेकांनी ते केलंय. पण मग तुम्ही प्रकाशकही आहात, हे लक्षात घेऊन व्यवहार करा. यूपीआयचा पिन टाकण्याआधी तीन गोष्टी विचारा. प्रती किती छापणार? त्या विकणार कुठे? हक्क कुणाकडे राहणार? तिन्हींची उत्तरं लेखी मिळाली, तर विचार करा. उत्तराऐवजी सर्टिफिकेटचा नमुना आला, तर ते पैसे पुस्तकं विकत घ्यायला वापरा. लिहिणाऱ्याला त्यांचा जास्त उपयोग होतो.