तुकोबांच्या वाटेने आलेले ख्रिस्ती

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ते मोकळेपणाने सांगत राहिले, की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत पोहोचलो. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमधल्या माणसाने असं म्हणणं त्या काळी सोपं नव्हतं. जुना धर्म म्हणजे काळोख, तो टाकायचा आणि उजेडात यायचं, अशीच बहुतेक मिशनऱ्यांची शिकवण होती. टिळकांनी तुकोबांना टाकलं नाही. ते अभंग रचत राहिले, कीर्तनं करत राहिले. १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही भक्तांची मंडळी उभी करायला घेतली, तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा ठेवली.

मी ख्रिस्ती आहे. प्रभू येशू हाच तारणारा, ही माझी श्रद्धा आहे. शेजाऱ्याला बरं वाटावं म्हणून ती पातळ करून सांगावी, असं मला वाटत नाही. पण मग टिळकांचा अनुभव माझ्यासमोर उभा राहतो. ज्या अभंगांनी एका माणसाला ख्रिस्ताच्या पायाशी आणलं, ते खोटे कसे असतील? आणि खरे असतील, तर त्यांतलं सत्य आलं कुठून?

कलकत्त्यात वायएमसीएचं काम करणारे जे. एन. फार्कर यांनी १९१३ मध्ये ‘द क्राउन ऑफ हिंदुइझम’ हे पुस्तक लिहून एक उत्तर दिलं: हिंदू धर्मातली उत्तम आस ख्रिस्तात पूर्ण होते. निंदेपेक्षा हे कितीतरी बरं. तरी मला ते पुरत नाही. समोरच्याची गोष्ट त्याच्या तोंडून संपण्याआधीच आपण तिचा शेवट सांगून मोकळे होतो. पांडुरंगासमोर उभ्या असलेल्या वारकऱ्याला आपण अपुरे आहोत असं वाटतच नसेल, तर त्याचं ऐकायचं कुणी?

रोमन कॅथलिक चर्चचा प्रवास याहून लांबचा. १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने चर्चबाहेरच्या सगळ्यांना नरकाग्नीत लोटलं होतं. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २२२१ विरुद्ध ८८ मतांनी ‘नोस्त्रा एताते’ हे घोषणापत्र स्वीकारलं: इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे, त्यातलं काहीच चर्च नाकारत नाही. या मजकुराची सुरुवात ज्यूंविषयीच्या मसुद्यातून झाली होती. युरोपातल्या ज्यूंच्या संहारानंतर जुनी शिकवण तशीच चालू ठेवणं अशक्य झालं होतं. पुढे त्यात हिंदू, बौद्ध आणि मुस्लिमही आले.

पण सत्याचा किरण मान्य करणं वेगळं आणि तो धर्मच देवाच्या योजनेत आहे असं मानणं वेगळं. हा दुसरा प्रश्न ज्याक द्युपुई या बेल्जियन जेझुइटाने विचारला. १९४८ मध्ये तो भारतात आला, कुर्सियाँग आणि दिल्लीत त्याने धर्मशास्त्र शिकवलं, १९८४ मध्ये रोमला गेला. इतकी माणसं, इतकी शतकं दुसऱ्या मार्गांनी देवाला हाक मारत आली, ती केवळ देवाची नजर चुकली म्हणून? १९९७ मध्ये याच प्रश्नावरचं त्याचं मोठं पुस्तक निघालं आणि व्हॅटिकनने चौकशी लावली. २००० साली ‘दोमिनुस येसुस’ या घोषणापत्राने बजावलं, की इतर धर्मीयांना देवाची कृपा मिळू शकते, पण त्यांची अवस्था गंभीर उणिवेची आहे. २००१ मध्ये द्युपुईच्या पुस्तकात संदिग्धता असल्याची सूचना निघाली, आणि ती पुढच्या आवृत्त्यांत छापायची असं ठरलं. त्याचा ग्रंथ मात्र खोटा ठरवला गेला नाही. मला द्युपुईचा प्रश्न रास्त वाटतो, आणि तो भारतात राहिलेल्या माणसालाच पडावा यात नवल नाही.

जस्टिन अ‍ॅबट यांचंही नाव इथे घ्यायलाच हवं. अमेरिकन मराठी मिशनमधली चाकरी संपवून हा मिशनरी मायदेशी परतला आणि म्हातारपणी मराठी संत इंग्रजीत नेत बसला: एकनाथ, बहिणाबाई, महिपतीने सांगितलेले तुकाराम. १९३२ मध्ये वारला तोवर हेच काम. ज्यांना तारायला आला होता, त्यांचेच संत तो शेवटी आपल्या लोकांना वाचायला देत होता. ख्रिस्ताला न सोडता दुसऱ्याच्या सत्यापुढे बसणं कसं असतं, ते मला कुठल्याही घोषणापत्रापेक्षा या पुस्तकांत जास्त दिसतं.

आमच्या चर्चमधल्या मंडळींनी तुकोबांची गाथा अशी वाचायला घ्यावी, असं मला कळकळीने वाटतं. आणि ‘सगळे धर्म सारखेच’ म्हणणाऱ्या माझ्या हिंदू मित्रांकडेही एक मागणं आहे. सारखे आहेत की नाहीत हे ठरवण्याआधी एकदा येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचा, आणि कुठे पटत नाही ते मला स्पष्ट सांगा.