फुलपाखरू हवं, अळी नको?

आमच्या नात्यात आणि ओळखीत बाग करणारे पुष्कळ आहेत. कोणाची गच्ची, कोणाची बाल्कनी, कोकणातल्या काकांचं तर अख्खं परसू. या सगळ्यांना हल्ली एक गोष्ट हवी असते, ती म्हणजे फुलपाखरं. आणि एक गोष्ट अजिबात नको असते, ती म्हणजे अळ्या. हे मी लग्नकार्यात दोन-तीनदा बोलून पाहिलं, पण पंगतीत अळीचं नाव काढलं की लोक पानाकडे संशयाने बघायला लागतात आणि विषय बंद पडतो. म्हणून इथे सविस्तर लिहिते. कोणाला राग आला तर यावा.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या बागेत एकही पान कुरतडलेलं नाही, ती फुलपाखरांची बाग नाही. ती फार तर त्यांची चहाची टपरी आहे. आले, घोटभर प्यायले, गेले. त्यांचं बाळंतपण दुसरीकडे कुठेतरी होतं. ते 'दुसरीकडे' म्हणजे मोकळे प्लॉट, रस्त्याकडेचं रान, जुन्या वाड्यांची परसं. शहरात नेमकं हेच संपत चाललंय. मग आपल्या टपरीवर येणार कोण?

फुलपाखराला मकरंद कुठल्याही बऱ्या फुलातून चालतो. अळीचं तसं नाही. तिला ठरावीकच झाड लागतं. मादी पानावर बसून पायांनी चव घेते, झाड ओळखीचं निघालं तरच अंडं घालते. लिंबावर आणि कढीपत्त्यावर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन. कण्हेरीवर कॉमन क्रो. त्याचा कोष चांदीचा मुलामा दिल्यासारखा चकाकतो, एकदा पाहिला की माणूस विसरत नाही. सोसायट्यांच्या फाटकापाशी उंचच उंच खोटा अशोक असतो ना, त्याच्यावर आणि सीताफळावर टेल्ड जे. आंब्यावर कॉमन बॅरन, त्याची अळी पानाच्या मधल्या शिरेवर अशी पसरून बसते की समोर असून दिसत नाही. एरंडावर कॉमन कॅस्टर. टाकळ्यावर ती फिकट हिरवट-पांढरी मॉटल्ड एमिग्रंट. यातलं एकही झाड दुर्मिळ नाही. आपल्या आज्यांच्या परसात यातली निम्मी झाडं तरी होतीच.

आता नर्सरीत जाऊन 'बटरफ्लाय गार्डन करायचंय' म्हणून सांगा. पेंटास मिळेल, एक्झोरा मिळेल, रंगीबेरंगी घाणेरी तर हमखास मिळेल. (ही घाणेरी मूळची अमेरिकेतली. आपल्याकडे तिने रानंच्या रानं व्यापली आहेत आणि आपण ती पैसे देऊन घरी आणतो!) पण कढीपत्ता, पपनस, सीताफळ घ्या असं कोणी सुचवत नाही. कारण उघड आहे. ती झाडं फुलपाखरांसाठी लावायची तर ती खाल्ली जाणार, आणि खाल्लेल्या पानांचं झाड पाहून गिऱ्हाईक तक्रार घेऊन येणार.

मग येते फवारणी. आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा पाठीवर पंप घेतलेला माणूस येतो आणि कुंपणाच्या कडेने सगळ्या झाडांवर औषध मारून जातो. कुठली कीड पडली आहे, असं विचारलं तर 'कीड पडू नये म्हणून' असं उत्तर मिळतं. आणि त्याच सोसायटीच्या सूचनाफलकावर दर पावसाळ्यात फुलपाखरांच्या फोटोंची स्पर्धा लागते. या दोन गोष्टी एकाच कमिटीच्या सहीने होतात याचं कोणालाही काही वाटत नाही.

'आम्ही रासायनिक मारत नाही हं, फक्त नीम ऑइल,' असं सांगणाऱ्या मैत्रिणींसाठी एक खुलासा. कडुनिंबातला अॅझाडिरॅक्टिन अळीची भूक मारतो आणि तिचं कात टाकणं बिघडवतो. तो बनलाय त्याचसाठी. सेंद्रिय असल्यामुळे त्याला कीड कुठली आणि तुमच्या फोटोतलं फुलपाखरू कुठलं हे कळत नाही. निंबोळी अर्क जरूर वापरा, पण ज्या झाडावर फुलपाखरांची वाट बघताय त्याच झाडावर नको.

२०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू केलं. असं राज्य फुलपाखरू जाहीर करणारं आपलं देशातलं पहिलं राज्य. काळे मखमली पंख, त्यावर निळ्याचे पट्टे, पसरले तर बारा ते पंधरा सेंटीमीटर भरतील. आपल्याला केवढा अभिमान! आणि त्याची अळी कुठे वाढते? पपनसावर, लिंबावर, त्या कुळातल्या रानझाडांवर. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, कोणी खाऊ नये म्हणून. मोठी झाली की हिरवीगार होते आणि डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी-लाल दुभंगलेलं शिंग काढून उग्र वास सोडते. तिला पाहून आपण काय करतो? चिमट्याने उचलतो आणि साबणाच्या पाण्यात टाकतो. म्हणजे आईबापांचा सत्कार करायचा आणि पोरं बुडवायची.

तणाचंही तेच. शनिवारी मारुतीला रुईचा हार घालायचा, पण कुंपणाशी रुई उगवली की 'अहो, ते काढून टाका आधी'. रुईची पानं खाऊन प्लेन टायगरची अळी कडवट, विषारी होते आणि ते विष फुलपाखरातही उतरतं. त्यामुळे पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. डॅनेड एगफ्लाय नावाचं दुसरं एक फुलपाखरू आहे. त्याची मादी हुबेहूब प्लेन टायगरचं सोंग घेते आणि त्याच्या नावावर जीव वाचवते. आणि तिची अळी खाते काय, तर घोळ. कुंड्यांमधून आपण उपटून फेकतो तीच घोळाची भाजी. हा एवढा मोठा खेळ दोन 'तणां'वर चाललाय. खुरपं चालवताना एवढं ध्यानात असू द्यावं.

आता आक्षेप. पहिला, 'मग आम्ही फोडणीला काय घालायचं?' बायांनो, भाजीवाली कोथिंबिरीबरोबर फुकट देते तो कढीपत्ता! त्याच्यासाठी जीव घ्यायचा? आणि फारच वाटत असेल तर दोन रोपं लावा, एक तुमचं, एक त्यांचं. तुमच्या रोपावर अळी दिसली तर उचलून त्यांच्या रोपावर ठेवा, मारू नका. बोडकं झालेलं धडधाकट रोप पुन्हा फुटतं.

दुसरा आक्षेप, 'अळ्यांनी अंगाला खाज सुटते.' सुटते, पण ती बहुतेक पतंगांच्या केसाळ अळ्यांनी, शेवग्यावर झुंडीने बसतात तशा. लिंबू, कढीपत्ता, रुई आणि कण्हेर यांवरच्या ज्या अळ्यांबद्दल मी बोलते आहे त्यांना तसे केस नसतात. हां, रुई आणि कण्हेर ही झाडंच विषारी आहेत. घरात रांगतं मूल असेल तर कढीपत्त्यावरच भागवा.

तिसरा आक्षेप खरा आहे. संत्र्या-मोसंबीच्या रोपवाटिकेत लाइम बटरफ्लायची अळी ही कीडच आहे, कोवळी रोपं ती फस्त करते. ज्याचं पोट त्यावर आहे त्या शेतकऱ्याला मी उपदेश करणार नाही. मी बोलते आहे ते पगारावर जगणाऱ्या, लिंबं बाजारातून आणणाऱ्या आपल्यासारख्यांशी. आपलं एका पानानेही काही बुडत नाही.

आता जरा कॅमेरेवाल्यांकडे वळते. (मीही त्यांच्यातलीच.) आपण एकमेकांना पाठवतो ते फोटो आठवून बघा. पंख पसरलेलं, एकही ओरखडा नसलेलं फुलपाखरू, खाली टवटवीत फूल. अळी नाही, खाल्लेलं पान नाही. असे शेकडो फोटो पाहून बघणाऱ्याला वाटतं की फुलपाखरू फुलातूनच उगवतं. अळी मारणाऱ्या हाताला आपल्या अल्बमचीही थोडी फूस आहे, असं माझं मत झालंय.

काही जण तर याच्याही पुढे जातात. फुलपाखरू डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवायचं, गारठून बधिर झालं की फुलावर नेऊन बसवायचं आणि फोटो काढायचा. याला छंद म्हणायचं असेल तर म्हणा, मी म्हणणार नाही. गरजही नसते त्याची. सकाळी लवकर उठा. थंड रक्ताचा जीव, ऊन अंगात भिनेपर्यंत तो स्वतःच पंख उघडून पानावर बसून राहतो.

तशीच दुसरी टोकाची मंडळी, डब्यात चाळीस-पन्नास अळ्या पाळणारी. 'आम्ही फुलपाखरं वाचवतो' म्हणतात. मुलांना दाखवायला एक-दोन अळ्या हवेशीर बरणीत, रोज ताजा पाला देऊन ठेवल्या तर उत्तमच. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिनाभराचा मामला. बाहेर पडण्याच्या आदल्या दिवशी कोष गडद होतो, आतल्या पंखांची नक्षी दिसायला लागते. बाहेर आल्यावर तास-दोन तास ते नुसतं लटकून पंख वाळवतं. तेव्हा त्याला बोट लावलं तर पंख जन्माचे चुरगळतात. हे सगळं मुलांनी पाहावं. पण दाटीवाटीने कोंडलेल्या अळ्यांमध्ये रोग पसरतो, एक काळी पडली की पाठोपाठ बाकीच्या. आणि अळ्या सगळ्याच जगाव्यात हा हट्ट तरी कशाला? अळ्यांवर आणि कोषांवर इवल्या गांधीलमाश्या वाढतात. शिंपी आणि दयाळ पिल्लांच्या तोंडात अळ्याच भरवतात. पानावरच्या दहा अळ्यांतली एखादीच उडाली तर बाग फसली असं नाही. उलट ती बाग खरी चालू आहे.

जाळीत कोंडल्याशिवाय हे जमतं का? ठाण्यात घोडबंदर रस्त्याजवळची ओवळेकर वाडी बघून या. उघडी बाग, छप्पर नाही. फुलझाडांबरोबर अळ्यांची झाडंही लावली आहेत, म्हणून फुलपाखरं आपणहून येतात आणि पिढ्यान्‌पिढ्या नांदतात. आपल्याला तेवढी जागा नाही, मान्य. पण मोठ्या कुंडीतला एक कढीपत्ता बाल्कनीत मावतो. शेजारी सदाफुली ठेवा, फवारणीवाल्याला आपल्या कुंड्यांपासून लांब ठेवा, घोळाला एखादा कोपरा द्या. एवढंच करायचंय.

आणि कॅमेरा असेल तर यंदाच्या पावसाळ्यात निदान एक फोटो कुरतडलेल्या पानाचा काढा. पोट वळवून अंडं घालणारी मादी टिपा, विष्ठेचं सोंग घेऊन बसलेली अळी टिपा. काकांना पाठवा, वहिनींना पाठवा. 'ई, हे काय पाठवलंस' म्हणतील. म्हणू देत. सुंदर फोटोला नुसतं 'वा' म्हणून लोक पुढे जातात, या फोटोवर निदान भांडतील तरी, आणि भांडता भांडता एखादी अळी साबणाच्या पाण्यातून वाचेल.

असो. ज्यांना हे पटलं नाही त्यांनी वाद घालायला खुशाल घरी यावं, पोहे करीन. फक्त येताना कढीपत्ता घेऊन या. आमचा सध्या दुसऱ्यांच्या ताब्यात आहे :)