आठ बोल्टांची पेटी

सरकीचे तेल घाण्यात काढले तरी ढेपेत थोडे तेल उरतेच. ते सोडून देणे कारखानदाराला परवडत नाही. म्हणून ढेप हेक्झेन नावाच्या द्रावकाने धुतात. तेल द्रावकात उतरते, मग द्रावक तापवून त्याची वाफ वेगळी करतात आणि ती थंड करून पुन्हा वापरतात. आपल्या खानदेशात कापूस आहे, सरकी आहे. तेव्हा असे कारखाने येथे नवलाईचे नाहीत. काही वर्षांपूर्वी बारावीच्या मुलांना घेऊन मी जळगावहून धुळ्याकडच्या अशाच एका कारखान्यात गेलो होतो.

हेक्झेनची वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड. ती वर उडून जात नाही. गटारात, खड्ड्यात, जिन्याखाली साचून राहते. हवेत तिचे प्रमाण शेकडा एकाच्या थोडे वर गेले की एका ठिणगीने भडका उडू शकतो. म्हणून फाटकावरच आमच्या काड्यापेट्या आणि मोबाइल काढून घेतले. आत दिवेसुद्धा साधे नव्हते. प्रत्येक दिवा जाड ओतीव धातूच्या पेटीत बसवलेला, झाकणाला आठ बोल्टांची आठ भोके. एका पेटीला मात्र पाचच बोल्ट होते. मी विचारले, तेव्हा सोबतचा वायरमन हसून म्हणाला, “सर, दिवा बदलायचा तर दरवेळी आठ बोल्ट कोण खोलत बसणार? पाचावर घट्ट बसतं.” माझ्या एका हुशार विद्यार्थ्याने लगेच तोडगा सुचवला, “सर, फटीत रबराची पट्टी घातली तर गॅस आत जाणारच नाही. मग बोल्ट कमी असले तरी चालतील ना?”

दोघांचीही चूक एकच होती. पेटी म्हणजे वायूला बाहेर ठेवणारा डबा, असे दोघेही समजत होते.

अशा पेटीला कारखान्यात फ्लेमप्रूफ म्हणतात. कोणी त्याचे ‘अग्निरोधक’ असे भाषांतर करतो आणि घोटाळा वाढवतो, कारण ऐकणाऱ्याला वाटते की ही पेटी आगीत जळत नाही. खरी कल्पना याहून कितीतरी सुंदर आहे. दिवा पेटला की पेटीतील हवा तापून प्रसरण पावते व थोडी बाहेर जाते; विझला की आतली हवा निवते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. पेटी जणू श्वास घेते. त्या श्वासाबरोबर बाहेरचा वायूही आत येणार, हे पेटी बनवणाऱ्याने गृहीतच धरलेले असते. एवढेच नव्हे, तर कधीतरी आत ठिणगी पडून स्फोट होईल हेही त्याने गृहीत धरलेले असते! त्याच्या दोनच अटी असतात. स्फोटाने पेटी फुटता कामा नये आणि आतली ज्वाळा बाहेरच्या वायूला पेटवता कामा नये.

ही दुसरी अट भागते ती फटीमुळे. झाकण आणि पेटी यांच्या रुंद, गुळगुळीत धातूच्या कडा एकमेकींवर टेकलेल्या असतात. त्यांच्यामधल्या अरुंद वाटेने तप्त वायू बाहेर पडतो, तेव्हा धातू त्याची उष्णता शोषून घेतो आणि बाहेर येईपर्यंत तो इतका निवलेला असतो की पेटवण्याची शक्ती त्याच्यात उरत नाही. हम्फ्री डेव्हीने १८१५ साली खाणकामगारांसाठी जाळीचा दिवा केला, त्याचे तत्त्व हेच. फट किती रुंद चालेल, हे प्रयोगांनी मोजलेले आहे. २५ मिलिमीटर लांबीच्या वाटेसाठी हेक्झेन किंवा प्रोपेन असेल तर ती सुमारे ०.९ मिलिमीटर येते. हायड्रोजनसाठी अवघी ०.३ मिलिमीटर, म्हणजे जवळपास पोस्टकार्डाच्या जाडीएवढी. प्रत्यक्ष पेटीत फट याहूनही बारीक ठेवतात.

आता ते तीन बोल्ट पाहा. आत स्फोट झाला की दाब हवेच्या दाबाच्या सात-आठ पट होऊ शकतो. जेथे बोल्ट नाही तेथे झाकण क्षणभर उचलले जाते, फट रुंदावते आणि ज्वाळा बाहेर येते. वायरमनला झाकण घट्ट वाटत होते ते स्फोट होत नव्हता म्हणून. आणि रबराची पट्टी? ती दोन कडांना एकमेकींपासून दूर ठेवते, स्फोटाच्या दाबाने फेकली जाते, आणि मागे राहते ती नेमकी नको तेवढी मोठी फट.

पेटीवर एक लहानशी पट्टी असते. तिच्यावरची रोमन अक्षरे वाचली तर ‘एक्स डी, टू-ए, टी-थ्री’ असे काहीतरी ऐकू येते. यातला ‘डी’ म्हणजे फ्लेमप्रूफ. ‘टू-ए’ हा वायूंचा गट. हेक्झेन, प्रोपेन त्यात येतात, एथिलीन ‘टू-बी’त आणि हायड्रोजन व अ‍ॅसिटिलीन ‘टू-सी’त. ‘टी-थ्री’ म्हणजे पेटीचा बाहेरचा पृष्ठभाग २०० अंश सेल्सिअसच्या वर तापणार नाही. हेक्झेन सुमारे २२५ अंशांना आपोआप पेटते, म्हणून हा आकडा. मौज अशी की ठिणगी आणि तप्त पृष्ठभाग या दोन अगदी वेगळ्या परीक्षा आहेत. हायड्रोजनला ०.०२ मिलिजूलची ठिणगी पुरते, पण नुसत्या उष्णतेने पेटायला त्याला ५०० अंशांहून अधिक तपमान लागते. उलट प्रयोगशाळेतले ईथर १८० अंशांच्या आतच पेटते. जळगावच्या डाळमिलमधल्या धुळीसाठी तर पट्टीवरची अक्षरेच निराळी असतात, कारण धुळीचा थर पेटीवर गोधडीसारखा बसतो आणि तिला निवू देत नाही.

१४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधील सेंघेनिद येथील कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ४३९ खाणकामगार दगावले. कारण निर्विवाद ठरले नाही, पण संशय होता तो विजेच्या घंटेच्या तारांमधील ठिणगीवर. घंटा ती केवढी, बॅटरी ती केवढी! परंतु वेटोळ्यात साठणारी ऊर्जा प्रवर्तकत्वाच्या निम्म्यास विद्युतधारेच्या वर्गाने गुणून मिळते, आणि मंडल तुटताना ती ठिणगीच्या रूपाने बाहेर पडते. त्या काळच्या खाणघंटांवरील संशोधनातून पुढे उपकरणांची एक वेगळीच जात निघाली. तीत पेटी जाड नसते. मुळात मंडलातील ऊर्जाच इतकी कमी ठेवलेली असते की ठिणगी पडली तरी वायू पेटत नाही.

हे सूत्र माझे विद्यार्थी बारावीत घडाघडा म्हणतात. त्यावर उदाहरणे सोडवतात, गुण मिळवतात. पण त्या सूत्रामुळे माणसे मेली असतील आणि वाचलीही आहेत, हे त्यांना कोणी सांगत नाही. मी स्वतः कित्येक वर्षे सांगितले नाही, हेही येथे कबूल केले पाहिजे.

आपल्याकडे अशा पेट्यांची परीक्षा धनबादच्या संशोधन संस्थेत होते. पेट्रोलियम व स्फोटकांच्या सुरक्षिततेचे काम पाहणाऱ्या, त्यांना मान्यता देणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय तर महाराष्ट्रातच, नागपूरला आहे. पण धनबादला पेटीची परीक्षा झाली ती आठ बोल्टांसह. पाच बोल्टांची पेटी कोणी तपासलेली नाही, तिला कोणी मान्यता दिलेली नाही. मालकाने तीन बोल्ट आणून दिले नाहीत हा त्याचा दोष आहेच, आणि तो मी वायरमनच्या माथी मारणार नाही. परंतु ‘धोका’ एवढाच फलक वाचून काम करणारा माणूस दुसऱ्या दिवशी तो फलक विसरतो. फट ज्वाळेला कशी निववते हे ज्याला समजले, तो बोल्ट मागून घेईल.

३१ ऑगस्ट २०१९ रोजी शिरपूर तालुक्यातील वाघाडीजवळच्या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि दहाहून अधिक माणसे गेली. तो विजेच्या उपकरणाने झाला असे मला मुळीच म्हणायचे नाही. मला आठवतो तो त्यानंतरचा पहिला तास. वर्गात त्या भागातली मुले होती आणि त्यांनी विचारलेल्या एकाही प्रश्नाचे उत्तर आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हते.

तेव्हापासून मी सत्र परीक्षेत एक प्रश्न घालतो : पेटीत वायू शिरणारच असेल, तर पेटी कशाला हवी? शिक्षक बंधु-भगिनींनी आपल्या शाळेत तो नववी-दहावीलाही विचारून पाहावा. त्याआधी गॅसच्या बर्नरवर तारेची जाळी धरून, जाळीच्या वर वायू पेटवून दाखवावा. ज्वाळा जाळीखाली उतरत नाही हे मुले डोळ्यांनी पाहतील. जाळी लाल होण्याआधी बर्नर बंद करावा, कारण तापलेली जाळी मग ज्वाळेला अडवू शकत नाही.