खायचं नाही, मग बघायचंही नाही?

मागच्या श्रावणात महिला मंडळाच्या बैठकीला मी एक छोटा अल्बम घेऊन गेले होते. आमच्या परड्यात पावसाळ्यात उगवलेल्या कुत्र्याच्या छत्र्यांचे फोटो. मोबाईलवर काढलेले, स्टुडिओतून छापून आणलेले, एकूण तेवीस. चौथं पान उलटतंय तोच एक वडीलधाऱ्या अक्का म्हणाल्या, "अगं, चातुर्मासात हे अभक्ष्य कसलं दाखवत बसलीस? ठेव बघू ते." अल्बम बंद झाला, लाडू-चिवडा आला, बोलणं नव्या साड्यांकडे वळलं. मी तेव्हा गप्प बसले. आता लिहिते.

अळंबी आपल्याला अभक्ष्य, हे मला कुणी शिकवायला नको. पन्नाशी उलटली, आजवर जिभेला लावलेली नाही. खानापूरकडच्या बायका बेळगावच्या बाजारात रानअळंबीच्या टोपल्या घेऊन बसतात, तिथून मी नुसती पुढे जाते. अनंतकाय म्हणजे काय, एका शरीरात अनंत जीव कसे, हे पाठशाळेत पाठ केलंय. पण अभक्ष्य म्हणजे खायचं नाही. बघायचं नाही असं कुठं म्हटलंय? कांदा खात नाही म्हणून कांद्याच्या ढिगापुढून आपण डोळे मिटून जातो का?

आणि बघितलं नसतं तर काय काय हुकलं असतं, ते सांगते. आमच्या परड्यात नारळाचा एक कुजका ओंडका पडलाय. पावसाची झड लागली की त्यावर बोटाच्या पेरापेक्षा लहान वाट्या उगवतात आणि प्रत्येक वाटीत मसुरीच्या डाळीएवढ्या करड्या गोळ्या. हुबेहूब पाखराचं घरटं! पावसाचा थेंब वाटीत पडला की त्याच्या धक्क्यानं गोळ्या बाहेर उडतात. बीज पसरवायची त्यांची ती सोय. कुंडीत एकदा लिंबासारखी पिवळीधमक छत्री आली होती. एक जात अशी, की सकाळी पांढरीशुभ्र आणि दुपारपर्यंत कडेनं वितळून काळी शाई. मी पाट टाकून जमिनीशी वाकून फोटो काढते, कंबर धरते, जाऊबाई हसतात. मुलगी म्हणते, टोपी कापून कागदावर पालथी ठेव, रात्रीत बीजाणूंचा ठसा उमटतो, त्यावरून जात ओळखता येते. मी कापत नाही. घोसात वरची टोपी खालच्या टोपीवर आपली पूड सांडते, तिचाच रंग बघून घेते. एकही छत्री मी आजवर उपटलेली नाही. मग हिंसा झाली कुठं?

हिंसा कुठं होते ते आता ऐका, राग आला तरी. चातुर्मास तोंडावर आला की आपल्यातल्या कितीतरी घरी काय चालतं? शेवाळ नको, जीवजंतू नकोत, पाय घसरायला नको, म्हणून अंगणात फरशी नाहीतर पेव्हर. उरलेल्या मातीत बुरशीनाशक, चुना, फिनेल. छत्री दिसली की माळी पायानं तुडवतो आणि आपण म्हणतो, बरं झालं, घाण गेली. पाणी गाळून पिणारी, सूर्यास्ताआधी जेवणारी माणसं आपण! आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचं प्रकरण आहे. कारण नसताना माती उकरणं, पाणी सांडणं, झाडझुडूप तोडणं याला तिथं प्रमादचर्या म्हटलंय. ताटाचे नियम आपल्याला तोंडपाठ आहेत, अंगणाचे नाहीत. आणि मुनिमहाराज चार हात जमीन बघत चालतात, ते बघितल्याशिवाय का जीव वाचतो?

तुडवून ती जात नाही, हेही सांगायला हवं. दिसते ती छत्री म्हणजे नुसतं फळ. खरा देह मातीत आणि कुजक्या लाकडात, पांढऱ्या बारीक धाग्यांचा. तेच धागे पाचोळ्याची माती करतात, काही जाती तर झाडांच्या मुळांना लगटून त्यांना पाणी-क्षार पुरवतात. शास्त्रज्ञांनी यांना वनस्पतीतून काढून वेगळ्या गटात बसवलंय. व्हिटेकर नावाच्या शास्त्रज्ञानं 1969 साली पाच सृष्टी मांडल्या, त्यातली एक यांची. पेशीच्या भिंतीत कायटिन, जे झुरळाच्या पाठीत असतं. मग वनस्पतीकाय कसं म्हणायचं? हे पंडितजींना विचारायचं धाडस अजून मला झालेलं नाही.

"विषारी असतात गं, नातवंडं असतात घरात," हे मात्र मला पटतं. हिरवळीवर येणारी मोठी पांढरी छत्री, जिच्या खालच्या पडद्या पुढं हिरवट होतात, ती खाल्ली तर उलट्या-जुलाबांनी माणूस आडवा होतो. पण हात लावून विष चढत नाही, पोटात गेलं तर चढतं. "बघ, पण तोंडात घालू नको," हे पोराला सांगता येतं. आपण आयुष्यभर हेच तर सांगत आलोय.

या पावसातही ओंडका तिथंच राहणार आहे. अक्कांनाही निरोप धाडलाय. यायचं तर सकाळी सातच्या आत या म्हटलं, नंतर शाई होते.