किल्ली हाती घेण्यापूर्वी

दिवाळीत नव्या वह्यांचे पूजन झाले, की आपल्या व्यापारी घरांत आठवडाभराच्या प्रवासाचे बेत सुरू होतात. गिरगाव, दादर, परळकडील अनेक कुटुंबांना गोवा जवळचा वाटतो. किनाऱ्यावरची गर्दी नको असेल, तर मांडवीच्या पात्रातील दिवाडी व चोडण ही बेटे मुक्कामाला उत्तम. जुन्या गोव्याहून दिवाडीला आणि रायबंदरहून चोडणला फेरीबोट जाते व मोटारही तीवर चढते. बरोबर वडीलधारी माणसे, लहान मुले आणि सामान असले, की विमानतळावरूनच स्वतः चालवावयाची मोटार भाड्याने घ्यावी असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र सहलीतील पहिली कटकट बहुधा याच मोटारीवरून उद्भवते.

प्रथम स्थळाचा घोळ. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. दाबोळीचा जुना विमानतळ मुरगाव तालुक्यात आहे, तर ५ जानेवारी २०२३ पासून विमानसेवा सुरू झालेला मनोहर विमानतळ उत्तरेकडे पेडणे तालुक्यातील मोपा येथे आहे. दोहोंच्या मध्ये मांडवी आणि झुआरी या दोन नद्या येतात. तिकीट मोप्याचे व मोटार दाबोळीला, असे झाले तर पहिला अर्धा दिवस वाया जातो. तिकिटावरील विमानतळाचे नाव आणि मोटारीच्या आरक्षणावरील नाव शेजारी ठेवून ताडून पाहावे.

याहून महत्त्वाचा प्रश्न कागदपत्रांचा. लालबागच्या मसाला बाजारातील एका परिचित व्यापाऱ्यांचा अनुभव सांगतो. पोत्यातून मूठभर मिरची काढून, तळहातावर चुरून, वास घेतल्याशिवाय हे गृहस्थ माल उतरवून घेत नाहीत. गतवर्षी ते सहकुटुंब दिवाडीला गेले. विमानतळाबाहेर एक तरुण मोटार घेऊन उभा होता. मुले कंटाळली होती, उन्हात सामान पडले होते. त्यांनी एका कागदावर सही केली, दहा हजार रुपये अनामत त्या तरुणाच्या मोबाईल क्रमांकावर पाठवली आणि किल्ली घेतली. परतीच्या दिवशी बंपरच्या खालच्या बाजूचा ओरखडा दाखवून त्यातील आठ हजार रुपये कापून घेण्यात आले. ओरखडा जुना होता की फेरीबोटीच्या उतारावर पडला, हे ठरवणार कशावरून? छायाचित्र नव्हते, पावती नव्हती, करारपत्राची प्रतही नव्हती.

त्यांना आठ हजारांचे वाईट वाटले. मला मात्र त्यांनी दाखवलेल्या सहलीच्या छायाचित्रातील मोटारीची पाटी पाहून अधिक काळजी वाटली. ती पांढरी होती.

पेट्रोल-डिझेलच्या मोटारींबाबतचा नियम सरळ आहे. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असतील तर वाहन खाजगी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे चालकासह मिळणारी टॅक्सी. स्वतः चालवण्यासाठी अधिकृतपणे भाड्याने दिल्या जाणाऱ्या मोटारीची पाटी काळी व अक्षरे पिवळी असतात. अशा व्यवसायासाठी मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ७५ खाली १९८९ ची स्वतंत्र योजना आहे. विनापरवाना वाहन भाड्याने चालवल्यास वा चालवू दिल्यास पहिल्या गुन्ह्यालाच दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

दंड एक वेळ सोसता येईल. खाजगी मोटारीच्या विमापत्रात, वाहन भाड्याने वापरल्यास संरक्षण मिळणार नाही, असे कलम असते. अशा मोटारीखाली कोणी जखमी झाले, तर विमा कंपनी दायित्व नाकारू शकते, अथवा भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करू पाहते. ज्याच्या हातून अपघात घडला तो चालकही दाव्यातून सुटत नाही. चार दिवसांच्या भाड्यात हजार-पाचशे वाचवण्यासाठी पिढीजात पेढीची पुंजी पणाला लावावी काय, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना भारतीय करार कायदा, १८७२ मधील निक्षेपाचे प्रकरण आठवत असेल. दुसऱ्याची वस्तू ठरावीक कामासाठी ताब्यात घेऊन काम झाल्यावर परत करावयाची, हा निक्षेप. भाड्याची मोटार त्यातच मोडते. कलम १५० नुसार भाड्याने दिलेल्या वस्तूत दोष असेल आणि त्यामुळे नुकसान झाले, तर दोषाची माहिती नसली तरी देणारा जबाबदार ठरतो. कलम १५१ घेणाऱ्याकडून सामान्य शहाण्या माणसाइतक्या काळजीची अपेक्षा ठेवते, आणि तेवढी काळजी घेतली असेल तर, कलम १५२ नुसार, हानीची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. पण याच कलमात ‘विशेष करार नसेल तर’ ही अट आहे. बारीक अक्षरांतील छापील कागद हाच तो विशेष करार. त्यावर न वाचता सही करणे म्हणजे कायद्याने दिलेले छत्र आपणच मिटून ठेवणे होय.

अनामतीविषयी दोन शब्द. क्रेडिट कार्डावर रक्कम नुसती रोखून ठेवली, तर तेवढी खर्चाची मर्यादा काही दिवस कमी होते. डेबिट कार्डावर रोखली, तर आपल्या खात्यातीलच पैसे अडकतात. परदेशी बेटांवर बहुतेक कंपन्या मुख्य चालकाच्या नावाचेच क्रेडिट कार्ड मागतात. मुलगा चालवणार आणि कार्ड वडिलांचे, हे तेथे सहसा चालत नाही. अनामत कोणत्याही मार्गाने द्या, परंतु ती व्यवसायाच्या नावावर द्या, व्यक्तीच्या नव्हे. आणि परताव्याची मुदत लिहून घ्या.

किल्ली घेण्यापूर्वी पंधरा मिनिटे काढावीत. पाटीचा रंग, नोंदणीपत्र, परवाना आणि विम्याची मुदत पाहावी. मोटारीभोवती चारही बाजूंनी फिरून चित्रफीत घ्यावी. बंपरचा खालचा भाग, टायर, जादा चाक आणि इंधनाचा काटा तीत यावा. किती रकमेपर्यंतचे नुकसान आपल्या माथी, मोटार फेरीबोटीवर नेण्यास मनाई आहे काय आणि परतीला उशीर झाल्यास आकार किती, हे लेखी विचारावे. परतीच्या दिवशी धक्क्यावरील रांगेसाठी तासभर हाताशी ठेवावा. मोटार परत करतानाही तशीच चित्रफीत घ्यावी व ‘मोटार सुस्थितीत मिळाली’ असे लिहून घ्यावे.

या पंधरा मिनिटांत मुले कुरकुरतील, सौभाग्यवती घड्याळाकडे पाहतील. त्यांना सावलीत बसवून पाणी द्यावे आणि आपण शांतपणे कागद वाचावा. मोटार देणारा प्रामाणिक असेल तर या चौकशीने तो रागावत नाही. उलट असा गिऱ्हाईक आपली वस्तूही जपेल, हे तो ओळखतो.