जनसुनवाईचे दप्तर

पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यापासून उत्तरेस ज्या सातपुड्याच्या रांगा आहेत, त्यांच्या कुशीत, नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत, जेथे नर्मदाकाठच्या कित्येक पाड्यांना तरंगत्या दवाखान्याचाच काय तो आधार, तेथील आरोग्यव्यवस्थेची तपासणी मुंबईच्या कचेरीत बसून कशी व्हावी? २००७ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली महाराष्ट्रातील ज्या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा उपक्रम प्रथम सुरू झाला, त्यांत नंदुरबार होते. आरोग्य केंद्राचे प्रगतिपुस्तक ग्रामस्थांनीच भरावे आणि जनसुनवाईत अंमलदारांनी सर्वांसमक्ष जबाब द्यावा, ही त्यामागील कल्पना. (गुण देण्याचा मान एरवी सरकारचाच!) आमच्या मते तिचे खरे मोल येथेच आहे, कारण वरिष्ठांस सादर होणाऱ्या अहवालात औषधांचा तुटवडा सुबक शब्दांआड दडतो, सभेत उभ्या राहिलेल्या मातेसमोर तो दडत नाही. तथापि या देखरेखीसाठी नेमलेल्या समित्यांना ना हुकमाचा अखत्यार, ना शिक्षेचा. आणि ऊसतोडीसाठी कुटुंबे गुजरातेत गेली, की त्यांच्या कुपोषित बालकाचे वजन कोणत्या अंगणवाडीच्या नोंदवहीत चढवावे, हा प्रश्न दोन राज्यांच्या हद्दीवर अडून राहतो. दोन्ही शासनांनी पुढील गळीत हंगामापूर्वी त्याचा निकाल लावावा.